शून्य दाखविणारे मीटर

विजेच्या उपकरणांची थोडीबहुत हौस ज्या घरात आहे, त्या घरात मल्टिमीटर नावाचे छोटे यंत्र आता बहुधा असतेच. दारावरची घंटा वाजेनाशी झाली, इन्व्हर्टरची बॅटरी लवकर उतरू लागली, किंवा मुलाने शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठी तयार केलेला दिवा लागेना, की कपाटातून हे यंत्र बाहेर येते. ह्या यंत्राविषयी एक तक्रार मात्र वारंवार ऐकू येते. विजेचा दाब ते बिनचूक सांगते, रोधही बिनचूक सांगते. परंतु प्रवाह मोजावयास लावले की त्याच्या काचेवर केवळ शून्य उमटते. बटण पुढे फिरवा, मागे फिरवा, सेल बदला. शून्य काही हलत नाही.

अशा वेळी दोन प्रकारचे निष्कर्ष काढले जातात. पहिला असा की, मीटर बिघडले, सबब ते अडगळीत टाकावे. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असला तरी त्यात नुकसान होते ते चार पैशांचे. दुसरा निष्कर्ष असा की, मीटर शून्य दाखविते त्या अर्थी तारेतून प्रवाह वाहत नाही, सबब तिला हात लावावयास हरकत नाही. हा निष्कर्ष प्राणावर बेतू शकतो. म्हणून मीटरातील ह्या शून्याचा अर्थ काय, ते कशामुळे येते आणि त्याचे कारण कसे शोधून काढावयाचे, ह्याचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम यंत्राची थोडी ओळख. दाब, प्रवाह व रोध ह्या तीन राशी मोजण्यासाठी पूर्वी तीन निरनिराळी यंत्रे बाळगावी लागत. इंग्लंडच्या टपाल खात्यातील तारयंत्रांची देखभाल करणारे अभियंते डोनल्ड मॅकाडी ह्यांना ह्या तीन ओझ्यांचा कंटाळा आला आणि त्यांनी तिन्ही मापे एकाच पेटीत आणली. ॲम्पिअर, व्होल्ट आणि ओहम ह्या तीन एककांच्या आद्याक्षरांवरून 'ॲव्हो' हे नाव घेतलेले ते यंत्र १९२३ साली विक्रीस आले. त्यात काटा फिरत असे. काट्याऐवजी थेट आकडे दाखविणारे दाबमापक अमेरिकेत अँड्र्यू के ह्यांनी १९५२ साली तयार केले. आणि १९७० नंतरच्या दशकात मोजमापाचा सारा पसारा एका लहानशा चकतीवर मावू लागल्यावर हातात धरावयाचे डिजिटल मल्टिमीटर सर्वत्र पसरले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळणारे 'डीटी ८३०' जातीचे स्वस्त मीटर हे त्याच कुळातले होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दाब मोजणे आणि प्रवाह मोजणे ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि बहुतेक सर्व घोटाळे हे अंतर ध्यानात न घेतल्याने होतात. नळाच्या पाण्याचे उदाहरण घ्यावे. पाण्याला जोर किती आहे हे पाहावयाचे तर नळाला बाजूने एक दाबमापक जोडले की पुरे. पाणी आपल्या वाटेने जात राहते. परंतु घरात पाणी किती आले हे सांगणारे नगरपालिकेचे मीटर असे बाजूला बसविता येत नाही. त्यासाठी नळ मध्येच कापून तेथे मीटर बसवावे लागते, म्हणजे पाण्याचा प्रत्येक थेंब त्यातूनच गेला पाहिजे. विजेचे तसेच आहे. दाब मोजताना मीटरची दोन टोके बॅटरीच्या दोन टोकांना नुसती टेकवावयाची असतात. प्रवाह मोजताना मात्र वाहती वाट एके जागी तोडावयाची, आणि तुटलेल्या दोन टोकांमध्ये मीटर घालून ती वाट पुन्हा पुरी करावयाची. शाळेच्या पुस्तकात पहिल्या पद्धतीस समांतर जोडणी व दुसरीस एकसर जोडणी असे म्हटलेले असते. प्रवाहासाठी एकसर जोडणी हवी, हा पाठ परीक्षेनंतर बहुतेकांच्या स्मरणातून निघून जातो आणि नेमका मीटर हाती घेतल्यावर नडतो.

मौज अशी की, हे डिजिटल यंत्र प्रवाह म्हणून वेगळे काही मोजीतच नाही. ते ओळखते केवळ दाब, आणि तोही फार अल्प. ह्या स्वस्त मीटरांचे मूळ माप २०० मिलिव्होल्टचे, म्हणजे एका व्होल्टच्या पाचव्या हिश्श्याचे असते. प्रवाह मोजावयाचा झाला की मीटर तो आपल्या पोटातील एका ठराविक अल्परोधातून वाहू देते, आणि त्या रोधाच्या दोन टोकांत किती दाब उत्पन्न झाला ते पाहते. पेशाने शिक्षक असलेल्या गेओर्ग ओहम ह्यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियमच येथे उपयोगी पडतो: दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. २ मिलिॲम्पिअरच्या मापासाठी १०० ओहमचा रोध, २० मिलिॲम्पिअरसाठी १० ओहम, २०० मिलिॲम्पिअरसाठी १ ओहम, आणि १० ॲम्पिअरसाठी एका ओहमचा केवळ शंभरावा हिस्सा. ह्या रोधास 'शंट' असे म्हणतात. दहा ॲम्पिअरचा शंट म्हणजे तर प्रत्यक्षात मँगॅनिन नावाच्या मिश्रधातूची एक आखूड, जाड तार असते. तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही, म्हणून ती धातू निवडलेली असते.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. प्रवाह मोजण्याच्या स्थितीत ठेवलेले मीटर म्हणजे विजेच्या दृष्टीने जवळजवळ उघडी तार होय. दाब मोजताना त्याच मीटरचा रोध दहा लाख ओहमच्या घरात असतो, आणि त्यामुळे ते भिंतीवरील २३० व्होल्टच्या सॉकेटलाही निर्धास्तपणे तोंड देऊ शकते. परंतु प्रवाहाच्या स्थितीत त्याची दोन टोके बॅटरीला किंवा सॉकेटला सरळ टेकविली, तर बॅटरीची अथवा सॉकेटची दोन टोके तारेने एकमेकांस जोडल्यासारखेच होते. प्रवाहाला अडविणारे काही उरत नाही आणि तो मर्यादेबाहेर उसळतो.

ह्या उसळीपासून मीटरचे आणि ते धरणाऱ्या हाताचे रक्षण करण्यासाठी प्रवाहाच्या वाटेवर एक फ्यूज बसविलेला असतो. फ्यूज वितळला म्हणजे वाट तुटते. दाब व रोध ह्यांच्या मापाची वाट सामान्यतः ह्या फ्यूजमधून जात नाही. म्हणून फ्यूज उडाल्यावरही ती दोन मापे पूर्ववत चालू राहतात, आणि केवळ प्रवाहाच्या ठिकाणी शून्य दिसते. घरोघरी जी तक्रार ऐकू येते तिचे सर्वांत नेहमीचे कारण हेच होय.

फ्यूज उडण्याची कथाही बहुधा ठरलेली असते. सायंकाळी एखादा विद्यार्थी आपल्या छोट्या दिव्याचा प्रवाह मोजतो. मोजून झाल्यावर मीटर तसेच ठेवून देतो. लाल तार प्रवाहाच्याच छिद्रात राहते, किंवा बटण प्रवाहाच्याच खुणेवर राहते. दुसऱ्या दिवशी घरातील वडील माणूस बॅटरीचा दाब पाहण्यासाठी तेच मीटर उचलतो आणि टोके बॅटरीला टेकवितो. एक बारीकशी ठिणगी उडते, कित्येकदा तीही दिसत नाही. फ्यूज गेला हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. पुढे महिन्याभराने पुन्हा प्रवाह मोजण्याचा प्रसंग येतो, तेव्हा शून्य दिसते आणि 'काल-परवापर्यंत चांगले होते' असे सर्वजण म्हणू लागतात.

तथापि प्रत्येक शून्याचे खापर फ्यूजवर फोडणे योग्य नव्हे. कारण शोधण्याचा एक क्रम आहे. ज्या श्रोत्यांच्या घरी असे मीटर असेल त्यांनी ते समोर ठेवून हा क्रम ऐकल्यास समजण्यास सुलभ जाईल. मात्र मीटर कशालाही जोडलेले नसावे, आणि पुढील सर्व प्रयोग लहान बॅटरीवरच करावयाचे आहेत, घरातील विजेवर नव्हे.

प्रथम तारा कोठे आहेत ते पाहावे. काळी तार 'कॉम' ह्या छिद्रात असावी. लाल तारेसाठी दोन किंवा तीन छिद्रे असतात. स्वस्त मीटरांत दाब, रोध व अल्प प्रवाह ह्या तिहींसाठी एकच छिद्र आणि १० ॲम्पिअरसाठी दुसरे छिद्र असते. बऱ्या मीटरांत मिलिॲम्पिअरसाठी स्वतंत्र छिद्र असते. बटण एका मापावर आणि तार दुसऱ्या मापाच्या छिद्रात, अशी विसंगती असेल तर मीटर शून्य दाखवील, आणि त्यात त्याचा काहीही दोष नाही.

नंतर बटणाची खूण नीट वाचावी. प्रवाह दोन जातींचा असतो: बॅटरीचा एकाच दिशेने वाहणारा, आणि घरातील विजेचा सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होणारा. पहिल्याची खूण सरळ रेघेची, दुसऱ्याची नागमोडी रेघेची. अनेक स्वस्त मीटरांत दुसऱ्या जातीचा प्रवाह मोजण्याची सोयच नसते. सरळ रेघेच्या खुणेवर ठेवलेल्या मीटरातून पुढेमागे होणारा प्रवाह गेला, तर दोन्ही दिशांची सरासरी शून्य येते आणि मीटर इमानाने शून्य दाखविते. तारेत मात्र वीज खेळत असते! ज्या शून्याने माणूस फसतो ते हे पहिले.

दुसरे फसवे शून्य मापाच्या जाडेपणाचे. १० ॲम्पिअरच्या मापावर ह्या मीटरास एका ॲम्पिअरच्या शंभराव्या हिश्श्याहून, म्हणजे १० मिलिॲम्पिअरहून बारीक असे काही दिसत नाही. एखादे छोटे घड्याळ त्याहून पुष्कळच कमी प्रवाहावर चालते. अशा वेळी शून्य दिसणे साहजिक आहे; धान्याच्या गोदामातील काट्यावर केशराची पुडी ठेवावी तसाच तो प्रकार. उलट, माप फार बारीक आणि प्रवाह मोठा असेल, तर शून्य न येता काचेच्या डाव्या अंगास एकटा '१' किंवा 'ओएल' अशी अक्षरे येतात. तो बिघाड नसून 'माझ्या मापाबाहेर गेले' एवढाच त्याचा अर्थ.

येथे एक साधी परीक्षा फार उपयोगी पडते. मीटर एकसर जोडणीत घातल्यावर मीटरकडे न पाहता दिव्याकडे पाहावे. दिवा लागला असेल आणि तरीही मीटर शून्य दाखवीत असेल, तर वाट अखंड आहे. फ्यूज शाबूत आहे. दोष मापाच्या निवडीत किंवा खुणेत शोधावा. दिवा लागलाच नाही, आणि मीटर काढून तारा एकमेकांस जोडताच लागला, तर वाट मीटरमध्येच तुटली आहे असे खुशाल समजावे. पुष्कळ तासांचा शोध ह्या एका कटाक्षाने वाचतो. क्वचित दिवा लागतो, पण मंद लागतो. त्याचे कारण असे की, शंट आणि फ्यूज ह्यांचा रोध थोडा का होईना, दाब खातो; दीड व्होल्टच्या सेलला तेवढा दाब देणेही जड जाते.

वाट मीटरमध्ये तुटली आहे असे ठरल्यावर संशय प्रथम तारांवर घ्यावा. तारा वाकून वाकून मुळाशी आतल्या आत तुटतात आणि वरून धडधाकट दिसतात. मीटर रोधाच्या सर्वांत लहान मापावर ठेवून लाल व काळे टोक एकमेकांस टेकवावे. आकडा एका ओहमच्या आत यावयास हवा. तारा हलविताना आकडा उड्या मारू लागला तर तार बदलावी.

तारा चांगल्या निघाल्या म्हणजे पाळी फ्यूजची. ज्या मीटरात मिलिॲम्पिअरसाठी स्वतंत्र छिद्र आहे, त्यात मीटर न उघडताच परीक्षा करता येते. लाल तार दाब-रोधाच्या छिद्रात ठेवावी, बटण रोधावर आणावे, आणि त्या तारेचे मोकळे टोक मिलिॲम्पिअरच्या छिद्रात आत टेकवावे. फ्यूज शाबूत असेल तर काही ओहम, मीटरच्या रचनेप्रमाणे कधी हजारभर ओहमही, असा काहीतरी ठाम आकडा येतो. फ्यूज गेला असेल तर मापाबाहेर गेल्याची खूण उमटते. १० ॲम्पिअरच्या छिद्राचीही परीक्षा अशीच होते. तेथे आकडा शून्याच्या अगदी जवळ यावा.

ज्या मीटरात छिद्र एकच आहे त्याची पाठ उघडण्यावाचून गत्यंतर नाही. त्यापूर्वी दोन्ही तारा मीटरातून काढून घ्याव्यात. हा नियम कधीही मोडू नये. फ्यूज हलक्या हाताने बाहेर काढून रोधाच्या मापावर त्याची दोन टोके तपासावी. डोळ्यांवर विसंबू नये, कारण चिनी मातीच्या नळीतील तार दिसत नाही आणि काचेच्या नळीतील केसाएवढी फट सुटून जाते. काचेचा फ्यूज आणखी एक गोष्ट सांगतो. काच स्वच्छ आणि तार मध्येच तुटलेली असेल, तर प्रवाह मर्यादेच्या थोडासाच वर गेला होता. काच आतून काळवंडलेली किंवा चकचकीत पारा फासल्यासारखी झाली असेल, तर मोठा झटका बसला होता. तो कशामुळे बसला ह्याची चौकशी घरातल्या घरात केलेली बरी.

ह्यापुढची पायरी सर्वांत जोखमीची. एक विद्यार्थी असे मीटर घेऊन एखाद्या जुन्या दुरुस्तीवाल्याकडे गेला आहे अशी कल्पना करावी.

"काका, फ्यूज उडालाय. त्याला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली तर चालेल ना?"

"चालेल की. मीटर चालेल. तुझा हात चालेल का ते विचार."

"पण नुसत्या नऊ व्होल्टच्या बॅटरीवरच वापरतो मी, काका."

"तू बॅटरीवर वापरशील रे. उद्या तुझे बाबा तेच मीटर सॉकेटात घालतील, तेव्हा आत चांदी आहे हे त्यांना कोण सांगणार?"

ह्या उत्तरात सारे काही आले आहे. फ्यूजवर दोन आकडे छापलेले असतात आणि तिसरी गोष्ट बहुधा छापलेली नसते. पहिला आकडा ॲम्पिअरचा: किती प्रवाहापर्यंत फ्यूज टिकेल. दुसरा व्होल्टचा: किती दाबापर्यंत तो वाट सुरक्षितपणे तोडू शकेल. तिसरी गोष्ट म्हणजे तोडण्याची ताकद: झटका जास्तीत जास्त किती मोठा असला तरी फ्यूज न फुटता तो थांबवील. पहिला आकडा सर्वजण पाहतात, उरलेल्या दोहोंकडे दुर्लक्ष होते. फ्यूजची तार वितळली म्हणजे काम संपले असे नाही. तुटलेल्या दोन टोकांमध्ये विजेची ज्योत पेटते, आणि ती विझेपर्यंत प्रवाह चालूच राहतो. साधा लहान काचेचा फ्यूज ३५ ॲम्पिअरच्या आसपासचा झटका तोडण्यापुरताच बनविलेला असतो. घरातील विजेच्या सरळ जोडणीत शेकडो, प्रसंगी हजारो ॲम्पिअर उसळू शकतात. अशा वेळी काच फुटते, ज्योत मीटरच्या पोटात पसरते, आणि प्लास्टिकची पेटी हातातच फुटण्याचा संभव असतो. घरातील स्वयंचलित कळ पडेल खरी, परंतु ती पडण्यापूर्वीच्या क्षणार्धात हातातील पेटीचे जे व्हावयाचे ते होऊन जाते.

चांगल्या मीटरात ह्यासाठी वेगळ्या जातीचा फ्यूज असतो. त्याच्या जाड नळीत बारीक वाळू ठासून भरलेली असते. ज्योत पेटताच वाळू वितळते, काचेसारखी होते, ज्योतीची उष्णता शोषून घेते आणि तिला विझविते. असे फ्यूज १००० व्होल्ट दाबावरही १०,००० ॲम्पिअर किंवा त्याहून मोठा झटका तोडू शकतात. ते महाग असतात. कित्येकदा त्या एका फ्यूजची किंमत साध्या पिवळ्या मीटरहून अधिक भरते, आणि तेथेच मोह उत्पन्न होतो. हा मोह आवरावा. मीटरच्या पाठीवर किंवा सोबतच्या पुस्तिकेत लिहिले असेल तोच फ्यूज, त्याच ॲम्पिअरचा, त्याच व्होल्टचा आणि त्याच जातीचा घालावा. तो मिळेपर्यंत मीटर दाब व रोध ह्यांपुरते वापरावे. प्रवाहावाचून चार दिवस कोणाचे अडत नाही.

ह्याच संबंधात आणखी एक इशारा. अनेक स्वस्त मीटरांत १० ॲम्पिअरच्या वाटेवर फ्यूज नसतोच. छिद्राजवळ बारीक इंग्रजी अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. पुष्कळ मीटरांवर त्या मापावर दहा सेकंदांहून अधिक काळ प्रवाह चालू ठेवू नये अशीही सूचना असते. ज्या वाटेवर रखवालदार नाही तेथे चालणाऱ्याने दुप्पट सावध असावयास हवे.

फ्यूज बदलल्यावर मीटर बरे झाले की नाही, हे अनोळखी यंत्रावर पाहू नये; ओळखीच्या प्रवाहावर पाहावे. असा प्रवाह घरीच करता येतो. नऊ व्होल्टची बॅटरी आणि १००० ओहमचा रोधक, ज्यावर तपकिरी, काळा व तांबडा असे पट्टे असतात, एवढे साहित्य पुरे. बॅटरीच्या धन टोकास रोधक, रोधकाच्या दुसऱ्या टोकास मीटरची लाल तार, आणि मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकास. ओहमच्या नियमाने नऊ भागिले हजार, म्हणजे ९ मिलिॲम्पिअर येतात. २० मिलिॲम्पिअरच्या मापावर नऊच्या जवळचा आकडा दिसला तर मीटर निरोगी आहे. तेच माप २०० मिलिॲम्पिअरवर घेतले तरी उत्तर जवळपास तेच यावे. एका मापावर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक असे घडले, तर त्या मापाचा शंट जळला आहे. सर्वत्रच शून्य आले, तर फ्यूज धरणारी स्प्रिंग सैल झाली आहे काय, छिद्राजवळचे डाख तडकले आहे काय, हे पाहावे. ही कामे कुशल कारागिराकडे सोपविलेली बरी. आणि मीटर स्वस्त जातीचे असेल तर ह्या टप्प्यावर नवे घेणेच शहाणपणाचे ठरते.

आता घरातील विजेच्या प्रवाहाविषयी. फ्रिज किंवा पाणी तापविण्याचे उपकरण किती ॲम्पिअर घेते हे जाणण्याची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु त्यासाठी २३० व्होल्टची तार तोडून मध्ये हे मीटर घालणे घरगुती माणसाचे काम नव्हे. त्या कामासाठी चिमट्याच्या आकाराचे 'क्लॅम्प मीटर' मिळते. तार न तोडता, नुसती तिच्याभोवती चिमट्याची कडी मिटवली की तारेभोवतीच्या चुंबकत्वावरून ते प्रवाह सांगते. मात्र तेथेही एक शून्य दबा धरून बसलेले असते. उपकरणाची संपूर्ण केबल कडीत धरली तर तिच्या आत जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही तारा येतात. त्यांची चुंबकत्वे एकमेकांस खाऊन टाकतात आणि मीटर शून्य दाखविते. कडीत तार एकच हवी. शिवाय साध्या क्लॅम्प मीटरला बॅटरीचा एकदिश प्रवाह मुळीच कळत नाही. तो हवा असेल तर एडविन हॉल ह्यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामावर चालणारे वेगळे क्लॅम्प मीटर घ्यावे लागते.

ह्या सर्व विवेचनाचे सार एका व्यवहारात सांगता येईल. विजेचे काम करणारे जाणते कारागीर तार मृत आहे असे मीटरने सांगितले तरी एकदम विश्वास ठेवीत नाहीत. ते मीटर प्रथम जेथे वीज निश्चित आहे अशा जागी लावून पाहतात. नंतर संशयित तारेला लावतात. आणि नंतर पुन्हा पहिल्या जागी लावून, मधल्या काळात मीटरच बिघडले नाही ना, ह्याची खात्री करून घेतात. ही तपासणी दाबाच्या मापावर करावयाची, प्रवाहाच्या नव्हे. आणि त्यापूर्वी मुख्य कळ बंद करावयाची. प्रवाहाचे शून्य तारेच्या सुरक्षिततेविषयी काहीच सांगत नाही. दिव्याचे बटण बंद असताना तारेत प्रवाह शून्य असतो, आणि दाब मात्र पुरा २३० व्होल्टचा असू शकतो.

राहता राहिली ती एक सवय. प्रवाह मोजून होताच लाल तार दाबाच्या छिद्रात परत घालावी, बटण दाबाच्या सर्वांत मोठ्या मापावर किंवा बंद खुणेवर आणावे, आणि मगच मीटर खाली ठेवावे. मीटर उचलणाऱ्यानेही टोके कोठे टेकविण्यापूर्वी तारेकडे आणि बटणाकडे एकदा पाहावे. काही उंची मीटरांत तार चुकीच्या छिद्रात राहिल्यास शीळ वाजते. घरच्या साध्या मीटरात ती सोय नसते, तेथे ठेवणाऱ्याच्या आणि उचलणाऱ्याच्या हातांनीच ते काम करावयाचे असते. जेथे एकच मीटर बाप, लेक आणि शेजारी अशा तिघांच्या हाती जाते, तेथे ही सवय घरातील सर्वांना लावून देणे हे नवा फ्यूज आणण्याइतकेच आवश्यक आहे.